जेवल्याचा फोन

माझ्या बायकोच्या खाटेशेजारी जे यंत्र होतं त्याला मी कंट्रोलर म्हणायचो. कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं होतं, लांबलचक. पण मी आयुष्यभर एसटी चालवली. स्टँडवरच्या खिडकीत कंट्रोलर बसायचा आणि गाडी कधी सुटणार ते तो ठरवायचा, ड्रायव्हर नाही. हे यंत्रही तसंच. गोळी कधी सुटणार ते हे ठरवायचं.

प्रमिलाला कंपवात होता. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. आम्हाला मूलबाळ नाही. घरी मी जमेल तेवढं केलं. पण माझ्या कंबरेचे दोन मणके सीटवर बसून बसून गेलेले. एकदा तिला न्हाणीतून उचलताना आम्ही दोघंही खाली बसलो ते शेजारच्यांनी दार उघडेपर्यंत बसूनच राहिलो. त्यानंतर तिला कऱ्हाडच्या शुश्रूषागृहात ठेवलं. कारण तिथे कंट्रोलर होता. चिपळुणात तो अजून आला नव्हता.

तिथले डॉक्टर मुजावर. शांत माणूस. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून समजावलं होतं.

या आजारात मेंदूतलं एक रसायन कमी पडतं. ते सरळ देता येत नाही, म्हणून ज्यापासून ते तयार होतं ते औषध गोळीतून देतात. ती गोळी पोटातून रक्तात जाते. पण जिथून ती आत शिरते तिथूनच डाळ, दूध, अंडं यातली प्रथिनंही शिरतात. दार एकच. "घाग, तुमच्या भाषेत सांगतो," डॉक्टर म्हणाले. "एका दाराची गाडी. आधी डाळ चढली तर औषध स्टँडवरच राहतं."

म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी द्यायची. आणि ती अंदाजाने देऊन भागत नाही. रक्तात औषध कमी पडलं तर माणूस लाकडासारखा होतो, जास्त झालं तर हातपाय आपोआप पिळवटतात. या दोन्हींच्या मधला जो पट्टा असतो, त्यात माणूस माणसासारखा असतो. चालतो, बोलतो, हसतो. आजार जुना होतो तसा तो पट्टा अरुंद होत जातो. पूर्वी नर्स ट्रॉली घेऊन फिरायची. शेवटच्या खाटेपर्यंत यायला तिला अर्धा-पाऊण तास उशीर झाला, की शेवटच्या खाटेवरच्या माणसाचा दिवस गेला.

कंट्रोलरमुळे ते थांबलं. प्रमिलाच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली होती. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या दुखत नाहीत. कातडीखालच्या पाण्यात औषध किती उरलंय ते त्या सतत मोजतात. चकती यंत्राला कळवते आणि यंत्राचा छोटा खण उघडतो. पण नुसतं मोजून भागत नाही, पुढचं ओळखावं लागतं. माणूस जेवणार कधी, हे आधी कळलं तरच गोळी त्याआधी देता येते. म्हणून यंत्र प्रत्येकाच्या सवयी शिकतं. कोण कधी उठतो, कुणाला कधी भूक लागते. महिनाभरात ते माणसाला ओळखायला लागतं.

प्रमिलाला मात्र ते ओळखू शकेना.

एका रविवारी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

"ताट बाराला समोर येतं," ते म्हणाले. "पण त्या कधी सव्वाबाराला जेवतात, कधी दीडला. एकदा तर अडीच. उशिरा जेवल्या की ती डाळ पुढच्या गोळीच्या आडवी येते. मग चारच्या सुमारास त्या जागच्या जागी गोठतात. तेव्हाच पडायची भीती असते. सिस्टरने विचारलं तर म्हणतात, अजून फोन आला नाही."

मला लगेच कळलं.

हे आमचं लग्नापासूनचं आहे. मी जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. मी तिला कधी तसं सांगितलं नव्हतं, तिच्या आईचं बघून ती तसं करायची. पण माझी ड्युटी चिपळूण-सांगली. कधी पाटणला जेवायचो, कधी घाटात गाडी बंद पडली की जेवायचोच नाही. सुरुवातीला घरी फोन नव्हता. मी परतीच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायचो, आणि तो आमच्या आळीच्या तोंडाशी गाडी हळू करून ओरडायचा, "घागवहिनी, घाग जेवला!" सगळी आळी हसायची. मग ती ताट वाढून घ्यायची. पुढे मोबाइल आला. जेवलो की फोन करायचा, हा नियम झाला. मी रिटायर झालो तेव्हा तो नियम बंद झाला, कारण मी घरीच होतो. ती कऱ्हाडला गेली आणि तो परत सुरू झाला.

फक्त आता माझ्या जेवणाला वेळ उरली नव्हती. एकट्या माणसाला भूक लागते ती कधीही लागते, किंवा लागतच नाही.

"तिला सांगा ना, की आधी जेव म्हणून," मी डॉक्टरांना म्हणालो.

"सांगून झालं. सिस्टर रोहिणीने एकदा खोटंच सांगितलं, काकांचा फोन येऊन गेला. तर म्हणाल्या, मग मला का नाही दिला." ते हसले. "घाग, गंमत सांगू? यंत्राने आता जेवणाचा अंदाज बांधायचं सोडून दिलंय. तुमच्या फोनचा बांधतं. तुमचा फोन वाजला की त्या दहा मिनिटांत जेवतात, हे त्याला कळलंय. तेही बिचारं तुमची वाट बघतं. तुम्ही ठरलेल्या वेळेला फोन करा. बास."

मी गजर लावला. बरोबर बाराला फोन करायचो. "जेवलो."

"काय केलंत?"

"भात. आमटी."

"आणि भाजी?"

"होती थोडी कालची."

खरं सांगायचं तर बाराला माझा भात कधीच झालेला नसायचा. पण तिचं जेवण वेळेवर व्हायला लागलं, गोळ्या वेळेवर सुटायला लागल्या. रविवारी मी जायचो तेव्हा ती मला दारापर्यंत सोडायला यायची. मला तेवढं पुरे होतं.

मग चिपळूणचा टॉवर बंद पडला. दिवसभर फोनच लागला नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ गाडी पकडून गेलो. आता घाटातल्या गाड्यांना ड्रायव्हर नसतो. जिथे ड्रायव्हरची सीट असायची तिथे सामान ठेवायची जागा केलीय. मी तिच्या मागच्या सीटवर बसतो आणि वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. पोचलो तर प्रमिलाच्या कपाळाला पट्टी. आदल्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जेवली नव्हती. उठून खिडकीशी जायला गेली आणि वाटेत गोठली.

"जेवलात का?" तिने मला पाहून आधी हेच विचारलं.

त्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी दुसरा उपाय सुचवला. माझे फोन यंत्राकडे साठलेले होते. त्यातून माझा आवाज बनवता येत होता. रोज बाराला माझ्या आवाजात फोन जाईल. टॉवर असो नसो, मी आजारी असो नसो. "तुमची परवानगी असेल तरच," ते म्हणाले. "बरोबर-चूक मी सांगणार नाही. पडून हाड मोडलं तर त्या परत उभ्या राहणार नाहीत, एवढंच सांगतो."

मी कपाळावरच्या पट्टीकडे बघून हो म्हणालो.

ते चाललं. प्रमिला सुधारली. मधल्या पट्ट्यात आली आणि तिथे राहिली. पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर बागेत दोन फेऱ्या मारून आली. शेजारच्या खाटेवरच्या अनुसयाबाई मला म्हणाल्या, "तुमची बाय आता माझ्याफुडं पळायला लागलीया." अनुसयाबाई पाटणकडच्या. नवरा केव्हाच गेलेला, साखरेचा आजार. भेटायला कोणी येत नसे. त्यांच्या दंडावरही चकती होती, पण त्यांचा कंट्रोलर इन्सुलिन द्यायचा.

मला रोज बारा वाजून गेले की मोबाइलवर एक मेसेज यायचा. रविवारी मी काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून. त्यात लिहिलेलं असायचं, आज तुम्ही काय जेवलात.

"आज तुम्ही मेथीची भाजी व भाकरी जेवलात. मेथी कोवळी होती."

"आज तुम्ही वरणभात जेवलात. लिंबू घेतलंत."

मी खाटेवर पडून ते वाचायचो. पोटात काही नसायचं. वाटायचं, हा दुसरा घाग माझ्यापेक्षा बरा जगतोय. मी गजर बंद करून टाकला होता. बाराला आता कुणाला काही सांगायचं नव्हतं, आणि मला विचारणारंही कोणी नव्हतं. मी मधेच केव्हातरी बिस्किटं चहात बुडवून खायचो. विजार ढिली झाली, नाडी आवळून बांधली.

असे तीन-चार महिने गेले. एका रविवारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. प्रमिला म्हणाली, "बुधवारी दोडका केलात म्हणे."

"हो." मेसेज मी वाचला होता.

"कसा झाला होता?"

"बरा झाला."

"शिरा काढल्यात?"

"काढल्या."

ती समोर बागेकडे बघायला लागली. माळी पाण्याचा पाइप ओढत होता, ते बघत असेल.

"अहो, तुम्ही जन्मात दोडका खाल्ला नाहीत," ती म्हणाली. "ताटात पडला तर हळूच माझ्या ताटात ढकलायचात."

मीही माळ्याकडे बघायला लागलो.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं. तो खोकत नाही. आणि काय जेवलात म्हटलं की झटकन सांगतो. तुम्हाला कधी झटकन आठवलंय? तुम्ही आधी 'अं' करता, मग कढईत डोकावून बघता."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? त्याला? तो बरा आहे हो. वेळेवर करतो फोन. तुमच्यापेक्षा बरा." ती हसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही दमलात."

"दमलो नाही गं. तू पडलीस म्हणून."

"ते कळलं मला."

"आणि खोटं आहे हे माहीत असून तू जेवत होतीस?"

तिने मान आत वळवली. "अनुसयाबाईंसाठी. त्यांना सुई बाराच्या आधी बसते, मग जेवावंच लागतं, नाहीतर चक्कर येते. पण ती बाई बघत बसते. रोज विचारते, झालं का मालकांचं? मी हो म्हटलं की आम्ही दोघी सुरू करतो. मी थांबले तर तीही थांबते. तिला दुसरं काय आहे दिवसभरात? माझ्या नवऱ्याचं जेवण आहे फक्त."

मग तिने माझ्या मनगटाभोवती आपली बोटं लावून बघितली. तिची बोटं त्या वेळी स्थिर होती. पट्टा चालू होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर बरंच चढलं.

"तुम्ही जेवतच नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

डॉक्टरांना बोलावून तिने स्वतःच सांगितलं की तो फोन बंद करा. डॉक्टर म्हणाले, मग वेळ कशी पाळणार? ती म्हणाली, "उद्यापासून मी आधी जेवणार. बाराच्या ठोक्याला. माझं झालं की मी यांना फोन करीन. मग हे जेवतील. तोवर यांनी भात लावून ठेवायचा."

डॉक्टरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. वेळ पाळली जातेय म्हटल्यावर ते खूश झाले. पण मी तिच्याकडे बघत राहिलो. घाटात दरड कोसळली होती तेव्हा मी दोन दिवस अडकलो होतो. त्या दोन दिवसांत ती पाण्यावर राहिली होती. ती ही बाई.

दुसऱ्या दिवशी मी साडेअकरालाच कुकर लावला. सव्वाबाराला फोन आला.

"जेवले," ती म्हणाली.

तिचा श्वास ऐकू येत होता. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत असावं.

"काय होतं?" मी विचारलं.

"डाळ. पडवळ. अर्धी चपाती टाकली."

"का टाकलीस?"

"सवय नाही हो, आधी जेवायची. घशाखाली उतरेना." मग म्हणाली, "आता तुम्ही वाढून घ्या. फोन ठेवू नका. मला आवाज ऐकू दे."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि जेवलो. ती तिकडून ऐकत होती. मधेच म्हणाली, "दुसरा भात घेतला नाहीत." मी घेतला.

नंतर तिची अर्धी चपाती राहायची बंद झाली. यंत्रही स्थिरावलं. डॉक्टर सांगायचे की त्यांच्याकडे सगळ्यात सरळ रेघ प्रमिलाची असते. माझं वजन वाढलं. दोडक्याची चेष्टा तिने शेवटपर्यंत सोडली नाही. "आज काय, दोडकाच ना?" असं म्हणूनच फोन सुरू करायची.

कंट्रोलर वेळ सांभाळतो, आजार थांबवत नाही. डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पट्टा अरुंद होत गेला. फोनवर तिचा आवाज बारीक व्हायला लागला, मग नुसतं "जेवले" एवढंच यायचं, पुढचं मी बोलायचो. थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. मी तिच्याजवळ होतो. यंत्राचा खण त्यानंतरही एकदा उघडला. सिस्टर रोहिणीने हाताने बंद केला आणि दंडावरची चकती काढली. तिथे गोल पांढरा डाग राहिला होता.

मी चिपळूणला परत आलो. कुकर फडताळात वर ठेवून दिला.

कुणी कुणी डबा आणून द्यायचं. मी तो संध्याकाळी गाईला घालायचो. भेटायला येणारे हळूहळू कमी झाले, ते बरंच झालं. बारा वाजायचे. मी फोन हातात घेऊन बसत नव्हतो, पण तो कुठे ठेवलाय हे मला माहीत असायचं. मग एक वाजायचा.

एके दिवशी बाराच्या पुढे फोन वाजला. कऱ्हाडहून सिस्टर रोहिणी.

"काका, कसे आहात?"

"आहे."

"काका, एक विचारायचं होतं. अनुसयाबाई आहेत ना. काकू गेल्यापासून वेळेवर जेवत नाहीत. आमचं यंत्र इन्सुलिन देतं आणि त्या ताट समोर घेऊन बसून राहतात. आता दोनदा साखर उतरली. काल तर ओळखच देईनात, सलाइन लावावं लागलं. यंत्र आता इन्सुलिन कमी करायला लागलंय, तर साखर चढते. दोन्हीकडून वाईट."

"विचारलं का त्यांना?"

"विचारलं. त्या म्हणतात... म्हणतात, घागांचं झालं का ते कुणी सांगतच नाही."

मी खुर्चीवर बसलो.

"काका, तुमचा आवाज अजून आमच्या यंत्रात आहे. पुसलेला नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही परवानगी दिलीत तर तो लावता येईल. रोज बाराला. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

"नको," मी म्हणालो.

"बरं." तिला वाईट वाटलं असावं. "चालेल काका. मी आपलं विचारलं."

"तसं नाही. त्यांना सुई देऊन झाली का आज?"

"झाली. दहा मिनिटं झाली. ताट समोर आहे."

"त्यांना म्हणावं, दोन घास साखरभात नाहीतर काहीतरी गोड घ्या. घाग आत्ता जेवायला बसतोय. अर्ध्या तासात फोन करतो म्हणाला. असं माझं नाव घेऊन सांगा."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. घरात फार काही नव्हतं. बेसनाचा डबा होता. कुकर काढायला स्टूल घ्यावं लागलं असतं, म्हणून पातेल्यातच भात टाकला आणि दुसऱ्या शेगडीवर कढईत पिठलं लावलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या. भात खालून लागला, वरचा काढून घेतला. बसून जेवलो. पहिले दोन-तीन घास अडकले. पाणी पिऊन खाल्ले. ताट पुसून खाल्लं. मग फोन लावला.

सिस्टरने तो त्यांच्या कानाला लावला. मला त्यांच्या बांगडीचा आवाज आला.

"कोन?"

"मी घाग. प्रमिलाचा नवरा."

"हां. झालं का जेवन?"

"झालं."

"काय केलं हुतं?"

"अं..." मी मान वळवून कढईकडे बघितलं. "पिठलं. गुठळ्या झाल्या."

"पीठ आधी गार पान्यात कालवायचं. तिनं शिकवलं न्हाय का तुमाला?"

"नाही शिकवलं."

"लाडावून ठेवलं हुतं मग." तिकडे ताट ओढल्याचा आवाज झाला. "बरं. आता मी जेवते. फोन तसाच ऱ्हाऊ द्या जरा."

मी फोन तसाच राहू दिला. त्या जेवत होत्या. दात नसलेलं माणूस जेवतं तसा हळू आवाज येत होता. मधेच पलीकडच्या कुणाला तरी त्यांनी सांगितलं, "हां, झालं त्यांचं. तू बी घे." ते कोण मला माहीत नाही. प्रमिलाच्या खाटेवर आता कोणी आलं असेल.

जेवण झाल्यावर त्या परत फोनवर आल्या.

"उद्या काय करनार?"

"ठरवलं नाही."

"तुमची बाय सांगायची, दोडका लई आवडतो म्हनून. सारखी हसायची सांगताना."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"दोडका करा मग," त्या म्हणाल्या. "शिरा काढा फक्त."

संध्याकाळी मी मंडईत गेलो. दोडका मिळाला. शेजारच्यांकडून स्टूल आणलं आणि फडताळातला कुकर खाली काढला.